भावासाठी अस्थिमज्जा द्यावी की रक्तातल्या मूलपेशी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला सिव्हिअर ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे मज्जेत रक्त तयार होणे जवळजवळ थांबवणारा तीव्र आजार, असल्याचे निदान झाले. त्याच्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी ३००च्या आसपास असतात, प्लेटलेट १० हजारांच्या खाली जातात आणि दर आठवड्याला त्याला रक्त किंवा प्लेटलेट चढवाव्या लागतात. माझे एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिने, त्याच्याशी पूर्णपणे जुळले आहे. मी २४ वर्षांची असून माझे वजन ५० किलो आहे, त्याचे ६०. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आणि त्याचा ओ पॉझिटिव्ह. प्रत्यारोपण करायचे हे ठरले आहे, पण मूलपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, कुठून घ्यायच्या याबाबत दोन डॉक्टरांचे एकमत नाही. पहिले म्हणतात, रक्तातून घेऊ, म्हणजे तुला भूल द्यावी लागणार नाही आणि त्याच्या पेशीही लवकर वाढतील. दुसऱ्यांचा आग्रह अस्थिमज्जेचा आहे. मज्जा पाठीच्या कण्यातून काढतात आणि त्यामुळे मुलगी जन्माची अधू होईल, अशी भीती आजीला वाटते. मामांनी नाळेच्या रक्ताची चौकशी सुरू केली आहे. तोवर त्याला लागणाऱ्या प्लेटलेट मीच का देऊ नयेत, असेही मला वाटते. शेवटचा निर्णय घरच्यांनी माझ्यावर सोपवला आहे. मी काय द्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या भावाचे वय, त्याचा आजार आणि पूर्णपणे जुळणारी सख्खी बहीण दाता म्हणून उपलब्ध असणे, या तिन्ही गोष्टी लक्षात घेता अस्थिमज्जा हीच पहिली निवड असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तातून मूलपेशी घेण्याला सबळ कारण असू शकते. मात्र ते कारण तुमच्या भावाच्या आजच्या प्रकृतीत सापडले पाहिजे. दात्याला भूल नको, किंवा आमच्याकडे नेहमी असेच करतात, एवढ्यावर हा निर्णय होऊ नये.

सविस्तर सांगण्यापूर्वी एक गोष्ट आजच स्पष्ट करतो, कारण तिला उशीर चालणार नाही. तुम्ही भावाला प्लेटलेट किंवा रक्त अजिबात देऊ नका, आणि आईवडील व मामा यांनीही देऊ नये. तुमचे एचएलए पूर्ण जुळले असले, तरी पेशींवरची इतर अनेक लहानसहान प्रथिने भावंडांतही वेगळी असतात. प्रत्यारोपणाआधीच तुमचे रक्त त्याच्या शरीरात गेले, तर त्याची प्रतिकारशक्ती ही प्रथिने परकी म्हणून ओळखायला शिकते आणि पुढे तुमच्या मूलपेशी आल्या की त्यांना रुजू देत नाही. आईवडिलांच्या रक्तातही तीच प्रथिने असतात, म्हणून हा नियम त्यांनाही लागू आहे. त्याला जे काही चढवले जाते ते बाहेरच्या दात्यांचे, पांढऱ्या पेशी गाळून काढलेले आणि विकिरण दिलेले असावे, आणि गरजेपेक्षा अधिक वेळा चढवले जाऊ नये. तुमच्या मनात आलेला विचार मायेचा आहे, पण या आजारात तो उलटण्याचा धोका मोठा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ॲप्लास्टिक ॲनिमियात बहुतेक वेळा रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मज्जेतल्या मूलपेशींवर हल्ला करतात, आणि जिथे रक्त तयार व्हायचे तिथे चरबी भरते. मज्जेतील पेशींचे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली गेले, आणि त्याच्या जोडीला न्यूट्रोफिल ५००च्या खाली, प्लेटलेट २० हजारांच्या खाली व कोवळ्या लाल पेशी फारच कमी, या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्या, की आजार तीव्र समजतात. न्यूट्रोफिल २००च्याही खाली असतील तर अतितीव्र. पूर्ण जुळणारे भावंड असलेल्या तरुण रुग्णात एटीजी आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या परिणामाची वाट पाहत बसण्यापेक्षा थेट प्रत्यारोपण करणे हा सर्वमान्य मार्ग आहे, त्यामुळे तिथवरचा निर्णय योग्यच झाला आहे.

या आजाराची एक गोष्ट मात्र पेशी कुठून घ्यायच्या या चर्चेत वारंवार नजरेआड होते. हा कर्करोग नाही. रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही मारतात, आणि म्हणून तिथे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीराशी थोडेफार वैर धरले, तर डॉक्टर ते काही प्रमाणात सोसतात, कारण त्या वैराचा फायदाही असतो. तुमच्या भावाच्या शरीरात मारण्यासारखे असे काहीच नाही. त्याला फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशी हव्या आहेत. दात्याच्या पेशींनी त्याच्या त्वचेवर, आतड्यावर किंवा यकृतावर केलेला प्रत्येक हल्ला हा त्याच्यासाठी निव्वळ तोटा आहे.

या हल्ल्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, थोडक्यात जीव्हीएचडी, म्हणतात, आणि रक्तातून पेशी घ्यायच्या की मज्जेतून हा वाद मुख्यतः त्याच्याभोवतीच फिरतो. दात्याला जी-सीएसएफ नावाची इंजेक्शने चार-पाच दिवस दिली, की मज्जेतल्या मूलपेशी सुटून रक्तात येतात आणि यंत्राद्वारे त्या गोळा करता येतात. अशा संकलनात मूलपेशी भरपूर मिळतात, त्यामुळे प्रत्यारोपणानंतर न्यूट्रोफिल काही दिवसांनी, कधी जवळजवळ आठवडाभराने, आधी वाढतात. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे इथवर अगदी बरोबर आहे. पण त्याच पिशवीत मज्जेच्या तुलनेत सुमारे दहापट टी पेशीही जातात. या टी पेशी रुग्णाची उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबून नव्या पेशींना रुजायला मदत करतात, आणि पुढे त्याच पेशी त्याच्या अवयवांवर उलटतात.

प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत येणारा तीव्र जीव्हीएचडी बहुतेकांना माहीत असतो, कारण रुग्णालयात सगळे त्याबद्दल बोलतात. मला अधिक काळजी दीर्घकालीन जीव्हीएचडीची वाटते, कारण रुग्ण घरी गेल्यावर, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकल्यानंतर तो सुरू होतो. डोळे इतके कोरडे पडतात की उजेड सहन होत नाही. तोंडात चट्टे पडतात आणि तिखट तर दूरच, साधे जेवणही झोंबते. कातडी काही जणांत कडक होते आणि सांधे आखडतात, काहींचे यकृत बिघडते, आणि थोड्यांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. उपचार म्हणून स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, आणि त्यांच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका कायम डोक्यावर राहतो. १७ वर्षांच्या मुलापुढे सारे आयुष्य पडलेले असते, आणि न्यूट्रोफिल आठवडाभर आधी वाढण्याचा लाभ या जोखमीशी ताडून पाहिला पाहिजे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २००७ साली सख्ख्या, जुळणाऱ्या भावंडांकडून ॲप्लास्टिक ॲनिमियासाठी झालेल्या ६९२ प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांखालील रुग्णांमध्ये दीर्घकालीन जीव्हीएचडीचे प्रमाण मज्जा दिलेल्यांत १२ टक्के, तर रक्तातील पेशी दिलेल्यांत २७ टक्के आढळले, आणि पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८५ आणि ७३ टक्के होते. तुमचा भाऊ नेमका याच वयोगटातला आहे. पुढे २०१२ साली युरोपातील नोंदवहीतून १,८८६ रुग्णांची माहिती तपासली गेली. तिथे १ ते १९ वयोगटात मज्जेच्या बाजूने ९० टक्के आणि रक्ताच्या बाजूने ७६ टक्के रुग्ण वाचलेले दिसले. २० वर्षांवरील रुग्णांत हेच आकडे ७४ आणि ६४ होते. वय वाढले की फरक मिटतो, हा समज या अभ्यासाने बराच खोडून काढला, कारण पन्नाशीच्या पुढेही मज्जा घेतलेलेच अधिक वाचले होते. नात्याबाहेरच्या दात्यांबाबत २०११ साली आलेल्या अभ्यासातही दिशा तीच होती : तीन वर्षांनी मज्जा घेतलेल्यांपैकी ७६ टक्के आणि रक्तातील पेशी घेतलेल्यांपैकी ६१ टक्के रुग्ण हयात होते.

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती तुम्हाला ठाऊक असावी. हे सारे अभ्यास झालेल्या उपचारांच्या नोंदींवर बेतलेले आहेत. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत वाटणी करून केलेले नाहीत. अधिक आजारी, संसर्ग झालेल्या रुग्णांना डॉक्टरांनी मुद्दाम रक्तातील पेशी दिल्या असतील, तर त्या गटाचे निकाल थोडे वाईट दिसणारच. संशोधक गणिताने हा फरक शक्य तितका भरून काढतात, तरी तो पूर्णपणे जात नाही. मात्र चिठ्ठ्या टाकून केलेला एक मोठा अभ्यास रक्ताच्या कर्करोगांमध्ये, नात्याबाहेरच्या दात्यांबाबत झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांत दीर्घकालीन जीव्हीएचडी मज्जेच्या गटात ४१ टक्के आणि रक्ताच्या गटात ५३ टक्के रुग्णांना झाला, आणि जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जिथे टी पेशींचा काही फायदा अपेक्षित होता, तिथेही रक्तातील पेशींनी आयुष्य वाढवले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच अभ्यासात पेशी न रुजण्याचे प्रमाण मात्र रक्ताच्या गटात ३ टक्के आणि मज्जेच्या गटात ९ टक्के होते, आणि ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

पेशी न रुजणे हे ॲप्लास्टिक ॲनिमियाचे जुने दुखणे आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल इथे या प्रत्यारोपणांची सुरुवात झाली, तेव्हा खूपदा रक्त चढवलेल्या रुग्णांची शरीरे नवी मज्जा नाकारत असत. तिथल्या डॉक्टरांनी यावर तोड म्हणून मज्जेच्या जोडीला दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही देऊन पाहिल्या. नाकारण्याचे प्रमाण घटले, आणि दीर्घकालीन जीव्हीएचडी वाढला. पुढे प्रत्यारोपणापूर्वीच्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइडच्या जोडीला एटीजी आले आणि जास्तीच्या पांढऱ्या पेशींशिवायही मज्जा रुजू लागली, तेव्हा ती पद्धत मागे पडली. रक्तातून काढलेल्या मूलपेशी देताना आपण जवळपास तोच व्यवहार पुन्हा करत असतो, आणि त्याची किंमत काय हे वैद्यकाने एकदा पाहिलेले आहे.

मग पहिल्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचाच, असे मी म्हणेन का? पत्रावरून तसे म्हणता येणार नाही. भावाला आज फुप्फुसात बुरशीचा संसर्ग असेल, किंवा प्रतिजैविकांना न जुमानणारा ताप आठवडे टिकून असेल, तर न्यूट्रोफिल पाच-सात दिवस आधी येणे हा जगण्यामरण्याचा फरक ठरू शकतो. अशा वेळी अनुभवी डॉक्टरही विचारपूर्वक रक्ताकडे वळतात. फार जास्त वेळा रक्त चढवले गेले असेल, तरीही रुजण्याची काळजी वाढते. काही केंद्रे एटीजीऐवजी ॲलेम्टुझुमॅब हे औषध वापरतात. ते दात्याच्या टी पेशींनाही मोठ्या प्रमाणात नष्ट करते, आणि त्यांच्या हाती रक्तातील पेशी देऊनही जीव्हीएचडी कमी राहिल्याचे दिसले आहे. म्हणून डॉक्टरांना आदराने पण स्पष्टपणे विचारा, की भावाच्या बाबतीत रक्त निवडण्याचे नेमके कारण कोणते, त्याला आज कोणता संसर्ग आहे, प्रत्यारोपणापूर्वी कोणती औषधे देणार, आणि याच आजारासाठी त्यांनी शस्त्रक्रियागृहात मज्जा काढून केलेली प्रत्यारोपणे किती आहेत. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा, कारण मज्जा काढण्याचा सराव सगळीकडे सारखा राहिलेला नाही, आणि सराव नसणे हे रक्ताकडे वळण्याचे न सांगितलेले कारण असू शकते. तसे असेल तर जिथे सराव आहे तिथे जाणे अधिक बरे.

तुमच्या बाबतीत मज्जेविरुद्ध खरी अडचण निघाली, तर ती वजन आणि रक्तगट यांच्या जोडीतून निघेल, म्हणून हे गणित मांडून दाखवतो. या आजारात रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान ३० कोटी केंद्रकयुक्त पेशी मिळाव्यात असा दंडक आहे, कारण पेशी कमी पडल्या तर रुजण्याची खात्री कमी होते. तुमच्या भावाच्या ६० किलोंसाठी हे १,८०० कोटी होतात. मज्जेच्या एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने २ कोटी पेशी धरल्या, तर ९०० मिलिलिटर मज्जा लागेल. दात्याकडून त्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिलिटरपेक्षा अधिक मज्जा काढत नाहीत, म्हणजे तुमची कमाल मर्यादा १,००० मिलिलिटर. गणित बसते, पण काठावर बसते.

त्यात रक्तगटाची भर पडते. प्रत्यारोपणासाठी एचएलए जुळणे महत्त्वाचे असते आणि रक्तगट वेगळा असणे हा अडथळा मानला जात नाही, एवढे आधी निश्चिंत मनाने ऐकून घ्या. मात्र भावाच्या ओ गटाच्या रक्तात तुमच्या बी गटाच्या लाल पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासूनच आहेत, आणि मज्जेत लाल पेशी भरपूर असतात. त्या तशाच दिल्या तर त्याच्या शरीरात फुटतील, म्हणून प्रयोगशाळेत त्या आधी काढून टाकाव्या लागतात, आणि त्या प्रक्रियेत काही उपयोगी पेशीही वाया जातात. रक्तातून गोळा केलेल्या मूलपेशींत लाल पेशी फारच थोड्या असतात, त्यामुळे तिथे सहसा हा प्रश्न येत नाही. पहिल्या डॉक्टरांच्या मनात हा हिशेब असेल, तर त्यांचा मुद्दा वजनदार आहे. तरीही माझ्या मते त्यावरून लगेच मज्जा सोडू नये. मज्जा काढत असतानाच मध्ये नमुना मोजून पेशींची संख्या किती भरली हे पाहता येते. सराव असलेले हात प्रत्येक ठिकाणाहून थोडी थोडीच मज्जा ओढतात, म्हणजे तिच्यात साधे रक्त कमी मिसळते आणि पेशी दाट मिळतात. आणि लाल पेशी काढताना किती नुकसान होते, याचा आपला अंदाज प्रयोगशाळा आधीच देऊ शकते. या तिन्ही गोष्टींबद्दल दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, कारण मज्जेचा आग्रह धरणाऱ्याने हे गणित सोडवलेले असले पाहिजे. प्रत्यारोपणानंतर भावाचा रक्तगट हळूहळू बी होईल, आणि जुनी प्रतिपिंडे ओसरेपर्यंत त्याच्या लाल पेशी उशिरा वाढू शकतात. तसे झाले तर घाबरून जाऊ नका.

आता आजींच्या भीतीबद्दल. मज्जा पाठीच्या कण्यातून काढत नाहीत. ती कमरेच्या मागच्या बाजूला, नितंबांच्या वर हाताला लागणाऱ्या रुंद हाडांतून सुईने ओढली जाते, आणि मज्जारज्जूचा तिथे संबंध येत नाही. आपल्याकडे मज्जा आणि मज्जारज्जू या दोन शब्दांच्या सारखेपणामुळे ही भीती घरोघर असते आणि ती आजींची एकट्यांची नाही. संपूर्ण भुलीखाली साधारण तास-दोन तासांचे काम असते, कातडीवर टाके पडतील असा छेद नसतो, आणि बहुतेक दाते दुसऱ्या दिवशी घरी जातात. कंबर काही दिवस, कधी दोनेक आठवडे, दुखते आणि ठणकते. जिने चढताना आणि वाकताना ते जाणवते. एक लिटरच्या जवळपास मज्जा काढल्यास तुमचे हिमोग्लोबिन उतरेल, थकवा येईल, आणि काही आठवडे लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील. मज्जा शरीर पुन्हा तयार करते. भुलीची जोखीम शून्य नसते, पण निरोगी २४ वर्षांच्या व्यक्तीत गंभीर गुंतागुंत अत्यंत विरळ असते. तुमचे हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर ते आत्ताच तपासून भरून काढायला सुरुवात करा.

रक्तातून देणे हेही अगदी फुकाचे नसते, हे तुम्हाला कदाचित कोणी सांगितले नसेल. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे दुखतात, डोके दुखते, फ्लू झाल्यासारखे वाटते. मग चार ते सहा तास यंत्राला जोडून बसावे लागते, आणि एका दिवसात पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशीही. हाताच्या शिरा बारीक असतील तर मानेत किंवा जांघेत नळी घालावी लागते. प्लीहा फाटण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत, पण फारच क्वचित. या इंजेक्शनांमुळे दात्याला पुढे रक्ताचा कर्करोग होतो, ही भीती मोठ्या संख्येने दात्यांचा पाठपुरावा करूनही खरी ठरलेली नाही. दोन्ही मार्ग दात्यासाठी पुरेसे सुरक्षित आहेत, आणि म्हणूनच निवड रुग्णाच्या हिताने व्हावी असे मी म्हणतो.

मामांना नाळेच्या रक्ताची चौकशी थांबवायला सांगा. एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी ६० किलोंच्या रुग्णासाठी बहुधा अपुऱ्या असतात, त्या उशिरा रुजतात, आणि ॲप्लास्टिक ॲनिमियात न रुजण्याची भीती मुळातच जास्त असते. जुळणारे भावंड नसलेल्यांसाठी तो विचार कधीकधी होतो, आणि हल्ली तशा रुग्णांसाठी अर्ध्या जुळणाऱ्या आई, वडील किंवा भावंडाकडून केलेले प्रत्यारोपणही आशादायक ठरत आहे. तुम्ही उपलब्ध असताना या दोन्ही वाटा आज तुमच्या कामाच्या नाहीत.

एक तपासणी झाली आहे का, याची खात्री मात्र जरूर करून घ्या. तरुण वयातल्या ॲप्लास्टिक ॲनिमियामागे कधीकधी फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार किंवा टेलोमिअरचा, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांचा, आनुवंशिक विकार लपलेला असतो. रुग्णाची उंची कमी असणे, अंगठ्यात दोष असणे, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असणे अशा खुणा त्यात दिसतात, पण काही रुग्णांत एकही खूण नसते. फॅन्कोनी असेल तर नेहमीच्या मात्रेतली औषधे रुग्णासाठी घातक ठरतात, म्हणून रक्तावरची क्रोमोसोम ब्रेकेज ही चाचणी प्रत्यारोपणाआधी व्हायलाच हवी. विकार आनुवंशिक निघाला तर तुमचीही तीच तपासणी करावी लागेल, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या भावंडात तो सुप्त असू शकतो आणि मग तुमच्या पेशी त्याच्या उपयोगाच्या राहणार नाहीत. तुमचे रक्तातील पेशींचे सगळे आकडे प्राकृत आहेत ना, हेही नीट पाहा.

मज्जा निवडली म्हणजे जीव्हीएचडीची भीती संपली असे समजू नका. भावाला प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन बरेच महिने, सामान्यतः नऊ महिने ते वर्षभर, घ्यावे लागेल आणि ते अगदी हळूहळू कमी केले जाईल. आकडे सुधारले, मुलगा हिंडूफिरू लागला, की गोळ्या चुकवण्याचा मोह होतो. लवकर थांबवल्यास रुजलेल्या पेशीही पुन्हा नाकारल्या जाऊ शकतात. ही जबाबदारी घरात कोणा एकाने अंगावर घ्यावी, आणि ती व्यक्ती तुम्हीच असायला हवी असे मुळीच नाही.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. निर्णय माझ्यावर सोपवला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पेशी कुठून घ्यायच्या हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो डॉक्टरांनी कारणे देऊन घ्यायचा आहे. पुढे काही बिनसले तर आपण चुकीचे निवडले, हे ओझे तुमच्या खांद्यावर असू नये. तुमच्या हातात आहे ती संमती, आणि ती द्यायची की नाही हे सर्वस्वी तुमचे आहे. भावाच्या डॉक्टरांहून वेगळ्या डॉक्टरने तुमची तपासणी करावी आणि घरच्यांना बाहेर बसवून तुमच्याशी बोलावे, अशी मागणी करा; दात्याच्या हितासाठी हीच रीत योग्य मानली जाते. भुलीची भीती वाटत असेल, एखादी शंका मनात सलत असेल, तर ती तिथे मोकळेपणाने बोलून टाका, आणि हे बोलणे भावाची प्रत्यारोपणपूर्व औषधे सुरू होण्याच्या पुरेसे आधी करून घ्या. ती औषधे एकदा सुरू झाली की त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती पुसली जाते, आणि त्यानंतर तुम्ही माघार घेतली तर त्याच्या जिवावर बेतते. तोवर मात्र तुम्हाला हवे तितके प्रश्न विचारण्याचा आणि हवा तितका विचार करण्याचा पूर्ण अधिकार आहे.